मड्डमची दारं

८ फेब्रुवारी, रविवार

ही दुकानातली जुनी पावतीवही. पानांची मागची बाजू कोरी आहे. कुठला बोल्ट कुठून काढला ते लिहून ठेवायला घरी आणली, कारण माझं डोकं हल्ली असं चालतं की चष्मा डोळ्यांवर असतो आणि मी तो घरभर शोधते.

तर पहिली नोंद. आज मड्डमवरची ताडपत्री काढली. मड्डम म्हणजे अप्पांची विलायती गाडी. नाव आईने ठेवलेलं, कारण घरात सगळ्यांत जास्त लाड तिचेच व्हायचे. चार दारं, गोल दिवे, रंग एके काळी दुधावरच्या सायीसारखा होता. अप्पा तीस वर्षं तिच्यातून पंपाच्या कारखान्यात फिटरकीला गेले. मला गाडी शिकवली तीही हिच्यावरच. गेली नऊ वर्षं ती घराला लागून असलेल्या शेडमध्ये उभी आहे. ताडपत्री ओढली तशी धुळीबरोबर गंजाचे पापुद्रेही खाली आले. पुढच्या दाराखाली बोटाने दाबून पाहिलं, बोट आत गेलं.

हे का करतेय तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे शिव्या कोणाला घालायच्या ते कळेल. नोव्हेंबरात अप्पांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, वाचा पूर्ण गेली. व्यायामाचं केंद्र नदीपलीकडे, रोज सकाळी आठला. सुरुवातीचे सहा आठवडे दवाखान्याची गाडी न्यायला यायची, ती आता बंद झाली. बसची पायरी अप्पांच्या गुडघ्याएवढी. टॅक्सीवाले म्हाताऱ्याला बसवायला दहा मिनिटं लागतील म्हटलं की काच वर करतात. एखादा थांबलाच तर सीट इतकी खाली की अप्पांना उठवताना माझी कंबर जाते. मड्डमची सीट खुर्चीएवढी उंच आहे आणि दार ऐसपैस. दुसरी गाडी घेण्याची माझी ऐपत नाही.

काल धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, इथून सहा तासांवर राहतो.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले ते तू पण ऐकलंस. जे सुधारायचं ते पहिल्या सहा-आठ महिन्यांत. आणि आपले व्यायाम बुडताहेत. मी इथल्या वृद्धनिवासात खाट धरून ठेवलीय. दहा मेपर्यंत थांबतो. तोवर रोजचं जाणं सुरू झालं आणि हातात काही फरक दिसला तर राहू देत तुझ्याकडे. नाहीतर मी येऊन नेणार."

"वृद्धनिवास म्हणजे वृद्धाश्रमच ना रे?"

"नावात काय आहे, ताई. तिथे माणसं आहेत. तू एकटी आहेस."

त्याचं खोटं नाही. पण उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. अप्पा माझ्याकडेच राहणार, मी ठरवलंय. मड्डम रोज चालली पाहिजे, बस्स.

११ फेब्रुवारी

दुकानातून आल्यावर दोन तास. पुढचं बंपर काढायला घेतलं. एकही पाना बसेना. तेरा नंबर फिरतो, बारा चढत नाही. शेवटी अप्पांना शेडमध्ये खुर्चीवर आणून बसवलं. त्यांनी डाव्या हाताने काठी उचलून माळ्याकडे दाखवलं. माळ्यावर त्यांची पेटी. सगळे पाने इंचातले. मड्डमचं सगळंच इंचात आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. लहानपणी हेच पाने मी पुसून ठेवायचे.

एक बोल्ट निघाला, तीन तुटले.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आंघोळीवरून पुन्हा तेच. मी त्यांना स्टुलावर बसवते, कपडे काढते, पाणी घालते. ते सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बसतात आणि डाव्या हाताने टॉवेल मांडीवर गच्च धरून ठेवतात. टॉवेल भिजला की बदलायचा कोणी? आज ओढूनच घेतला. त्यांनी डोळे मिटून घेतले ते पायजमा घालून नाडी बांधेपर्यंत उघडलेच नाहीत. एवढा राग कशाचा आहे माझ्यावर? मी काय कमी करते?

दुपारी दोन्ही बाजूंचा खालचा पत्रा खरवडला. दारांखाली जो लांब उंबरठा असतो, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, तो दोन्हीकडे नावापुरता उरलाय. रंगाच्या आधाराने उभा होता म्हणायचा.

१९ फेब्रुवारी

मालकांनी आज माझे हात बघितले. आमचं काम ड्रायक्लीनिंगचं. काउंटरवर कपडे घ्यायचे, चिठ्ठी टाचायची, डाग कशाचा ते विचारून लिहायचं. गेली बावीस वर्षं मी लोकांना डाग कशाचा ते विचारतेय. आज एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर माझ्याच अंगठ्याचा गंज उमटला. मालक काही बोलले नाहीत, पण पांढरे कपडे दुसऱ्या मुलीकडे दिले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

वेल्डर मिळाला. कोपऱ्यावरच्या गल्लीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीखालचे स्टँड असली कामं करतो. पन्नाशीचा, बोलघेवडा, हात चांगला वाटला. गाड्यांचा मिस्त्री तीन आठवड्यांनी येतो म्हणाला, तीन आठवडे माझ्याकडे नाहीत. अडला हरी, आणि काय.

"गाडीचं काम केलंय का कधी?" मी विचारलं.

"बाई, पत्रा तो पत्रा. तुमच्या गाडीला काय माहीत मी फाटकं करतो ते."

पुढच्या रविवारी येणार. मी म्हटलं, दोन्ही उंबरठे एकाच दिवशी उडवा, मला आठवड्यातून एकच सुट्टी असते. ठिणग्यांनी काचा जाऊ नयेत म्हणून शनिवारीच चारही दारं काढून ठेवीन.

१ मार्च, रविवार

फार दमलेय, पण लिहून ठेवते.

वेल्डर आठला आला. गाडी पुढे दोन आणि मागे दोन लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली. त्याने डावीकडचा उंबरठा कापायला घेतला, मी उजवीकडे खुणा करत होते. अप्पांना खुर्चीवर बसवलं होतं. थोड्या वेळाने बघते तर ते उठून गाडीपाशी आलेले. दार काढलेल्या मोकळ्या चौकटीत त्यांनी काठी आडवी घातली, एक टोक पुढच्या खांबाला, दुसरं मागच्या. आणि माझ्याकडे बघत उभे.

"अप्पा, आत बसायचंय का? आता नाही बसता येणार, ती कापतोय आपण." मी काठी काढून त्यांच्या हातात दिली, परत बसवलं.

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा काठी आडवी. या वेळी तोंडातून आवाजही काढत होते. वेल्डर मशीन बंद करून म्हणाला, "बाबांना वाटतंय मी त्यांची गाडी मोडीत काढतोय." मलाही तसंच वाटलं. तीस वर्षं चालवलेली गाडी, जीव तुटत असणार. मी समजावलं. तिसऱ्या वेळी मात्र माझा तोल गेला. काठी हातातून काढून घेतली, त्यांना घरात नेऊन खुर्चीत बसवलं, काठी माझ्याकडेच ठेवली. काठीशिवाय त्यांना उठता येत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण केलं ते केलं.

सहापर्यंत दोन्ही बाजूंना नवा पत्रा बसला. वेल्डिंग सुबक झालंय. चला, एक मोठं काम हातावेगळं झालं.

८ मार्च, रविवार

हातावेगळं कसलं. आज दारं बसवली. एकही लागत नाही. वरच्या कोपऱ्यात मागच्या खांबावर आपटतात आणि खाली बोट जाईल एवढी फट राहते. चारही तशीच. बिजागऱ्या सैल केल्या, आवळल्या, पुन्हा सैल केल्या. मग वेल्डरला बोलावलं.

त्याने लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, दोरी लावून पाहिलं आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

"बाई, गाडी मधोमध लवली."

"म्हणजे?"

"फाटक आम्ही जमिनीवर आडवं टाकून कापतो. ते कुठं लवणार? हिचं सगळं अंग त्या दोन उंबरठ्यांवर उभं होतं. दोन्ही एकदम कापले, खाली टेकू पुढं नि मागं, मध्ये काहीच नाही. पोट खाली आलं. तसंच आपण नवीन पत्रा मारून पक्कं केलं." मग घराकडे बघून म्हणाला, "बाबा काठी आडवी लावत होते ना? ते हेच सांगत होते. चौकटीत आडवा टेकू मारा म्हणून."

 तो उठला, घरात गेला, अप्पांच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. "बाबा, चुकलो," म्हणाला. अप्पांनी त्याच्या खांद्यावर डावा हात ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. बघायला पाहिजे होतं असंही नाही.

म्हणजे आठ दिवसांपूर्वी जोडलेलं पुन्हा कापायचं. रडावंसं वाटत होतं, पण कपडे वाळत घालायचे राहिले होते, ते घातले.

१५ मार्च, रविवार

आज एकच बाजू. अप्पांची खुर्ची दारापासून दोन हातांवर. आधी दार जागेवर टांगलं, चौकटीत लोखंडी पट्टी आडवी मारली, मगच उंबरठा कापला. मधोमध जॅक लावून गाडी केसा-केसाने वर घेतली. काठी दोनदा आपटली की वर, एकदा आपटली की थांब. चार तास हेच चाललं. वेल्डर घामाघूम झाला, पण एकदाही कुरकुरला नाही, आणि पैशाचं नावही काढलं नाही.

मग अप्पांनी मला दार लावून दाखवायला खुणेने सांगितलं. लावलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा. असं अकरा वेळा. अकराव्यांदा दार कसं लागलं ते शब्दात सांगता येत नाही, पण मला एकदम आईची आठवण आली. ती घरातून आवाज ओळखायची आणि गॅस पेटवायची.

केंद्रात जाऊन आज सेहेचाळीस दिवस झाले. सेहेचाळीस दिवस त्या हाताला काही मिळालेलं नाही. मी इथे पत्रे जोडत बसलेय आणि तिकडे वेळ चाललाय.

२२ मार्च, रविवार

दुसरी बाजूही झाली. चारही दारं लागतात, मागच्या डावीला जरा धक्का द्यावा लागतो. आवराआवर करताना मी मागच्या सीटवर टेकले, पाच मिनिटं म्हणून. जाग आली तेव्हा सहा वाजले होते. अप्पा समोर खुर्चीतच बसून होते. कोणीतरी, बहुतेक वेल्डरने, माझ्या अंगावर शाल टाकली होती. शाल अप्पांची होती.

२७ मार्च

अप्पांनी नवीन खूळ काढलंय. चहा झाला की शेडमध्ये नेऊन बसवा. दिवसभर तिथेच. मी दुकानात असते तेव्हा शेजारच्या काकू तीन-चारदा डोकावतात, तेवढं त्या करतात म्हणून चाललंय. रिकामे बसून काठी आपटत राहतात म्हणून मी त्यांना गंजके नटबोल्ट, रॉकेलचं टमरेल आणि ब्रश दिला. डाव्या हाताने घासत बसतील. तेवढाच विरंगुळा.

२ एप्रिल

वेल्डरशी आज जरा वाजलं. मी सगळे नट आणि बोल्ट वेगळे करून ठेवले होते, रंगवायला. आज बघते तर एकूण एक नट आपापल्या बोल्टवर चढवून ठेवलेला. त्रेपन्न जोड्या. बोल्ट धरून नट हाताने फिरवत पार शेवटपर्यंत नेलेले, शिवाय मापाप्रमाणे ओळीत मांडलेले. आता सगळे पुन्हा उघडा. दुपारी इथे उंबरठ्यांना रंगाचा हात मारायला वेल्डरच येतो, दुसरं कोण असणार. फोन करून म्हटलं, नसते उद्योग कशाला करता? तो म्हणाला, "बाई, मी कशाला हात लावू?" मी म्हटलं, मग काय उंदरांनी केलं?

अप्पा ऐकत होते. त्यांना हसू आल्यासारखं वाटलं. झटक्यानंतर तोंड एका बाजूला ओढलेलं असतं, त्यामुळे काही सांगता येत नाही.

६ एप्रिल

सकाळी नाडीवरून झोंबाझोंबी. मी बांधायला गेले की ते डाव्या हाताने नाडी धरून ठेवतात, सोडतच नाहीत. साडेनऊ झाले होते. मी त्यांच्या हातावर चापट मारली. हलकीच, पण मारली.  दुकानात दिवसभर तोच हात डोळ्यांसमोर येत होता. असं किती दिवस निभणार, मला माहीत नाही.

१९ एप्रिल, रविवार

इंजिन. पंधरा दिवस नुसतं साफ करणं, नळ्या बदलणं, पेट्रोलची टाकी धुणं चाललं होतं. आज बॅटरी जोडायची. तार लावणार एवढ्यात अप्पांची काठी माझ्या मनगटावर आली. या खेपेला मी थांबले. त्यांनी दाखवलं. मड्डमचं सगळंच उफराटं, बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या अंगाला जातं. आपल्या आजच्या पद्धतीने जोडलं असतं तर आगीतून फुफाट्यात. माणूस शिकतो, उशिरा का होईना.

चावी फिरवली. घरघरली, बंद पडली. पुन्हा फिरवली.

आता खरं लिहिते, ही वही कोण वाचणार आहे. चावी फिरवताना एक क्षण माझ्या मनात आलं, की नाहीच चालू झाली तर? तर दहा तारखेला धाकटा येईल, अप्पांना घेऊन जाईल आणि मी झोपेन. सलग दोन दिवस झोपेन. माझ्यात काही दोष नाही, गाडीच झाली नाही, सगळ्यांना सांगता येईल. इतकं स्पष्ट मनात आलं की मला माझीच भीती वाटली.

तिसऱ्यांदा चालू झाली. शेड धुराने भरली. अप्पा खोकत होते आणि डोळ्यांतून पाणी काढत होते. मीही. धुराने असेल.

२७ एप्रिल, सोमवार

तपासणी झाली, कागद झाले आणि आज मड्डम पहिल्यांदा कामाला लागली. अप्पा खुर्चीवर बसावं तसे तिच्यात बसले. पूल ओलांडताना वेग पस्तीसच्या वर नेला नाही, मागचे लोक हॉर्न वाजवत होते. वाजवू देत.

पण कशात काय नि फाटक्यात पाय. केंद्रातल्या व्यायामवाल्या बाईंनी उजव्या हाताची चाचणी घेतली. समोर रंगीत रिंगा आणि एक दांडा. "चला आजोबा, लाल रिंग उचला बघू. शाब्बास, प्रयत्न करा!" लहान मुलांशी बोलतात तसं. आजूबाजूला सात-आठ जण. अप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले. उजवा हात मांडीवर, बोटं मिटलेली. रिंगेकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी चार वेळा सांगितलं, मग कागदावर लिहिलं, सुधारणा नाही.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, "आता रोज आणलं तर?"

"आणा. पण मधले तीन महिने गेले हो. फार आशा ठेवू नका."

३० एप्रिल

रोज जातोय. साडेसातला निघतो, साडेनऊला परत, दहाला दुकान. अप्पा रोज खिडकीबाहेर बघतात. घरी आले की मात्र लगेच शेडकडे. मी म्हटलं, आता शेडमध्ये काय आहे, गाडी तर रस्त्यावर आली. ऐकत नाहीत. जा म्हटलं. काकूंना सांगून ठेवलंय.

५ मे

धाकट्याला खरं ते सांगितलं. "जाणं सुरू झालंय, पण फरक नाही." तो मग म्हणाला, "ताई, तू शक्य होतं ते सगळं केलंस. मी रविवारी येतो."

मला त्याच्याशी भांडायचं होतं, पण मी 'ये' म्हटलं. फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून रडू आलं. एवढं सगळं करून शेवटी हेच होतं तर फेब्रुवारीतच नेलं असतं, पत्र्याचा तरी त्रास वाचला असता.

अप्पांना सांगायचं कसं, याचा विचार करत होते. ते दारात उभे होते. ऐकलं असणार.

७ मे

वेल्डर दाराची मूठ घट्ट करायला आला. रविवारचं सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. जाताना म्हणाला, "बाई, एक राहिलं. ते नट मी लावले नव्हते. शप्पथ." आता कशाला तो विषय? लावले असतील तर असतील. माणूस चांगला आहे, पण चूक कबूल करायला त्याला आठ दिवस लागतात.

९ मे, शनिवार

बॅग भरली. चार पायजमे, चार शर्ट, औषधं, दाढीचं सामान. आईचा फोटो वर ठेवला, मग कपड्यांच्या मध्ये ठेवला, काच फुटू नये म्हणून.

बाथरूमच्या दाराखाली लाकडाचा भुसा पडला होता. वाळवी लागली वाटतं, आता तेवढंच राहिलं होतं. झाडून टाकला. संध्याकाळी कपडे बदलताना अप्पांच्या खिशात पेचकस सापडला. "तोल जाऊन पडला असतात तर पोटात घुसला असता," असं ओरडले आणि पेटीत टाकला. शेवटच्या दिवशी तरी ओरडायला नको होतं.

१० मे, रविवार

धाकटा दुपारी परत गेला, एकटाच. खाट सोडत असल्याचा फोन त्याने इथूनच केला. जमेल तसं लिहिते.

तो सकाळी साडेसातला आला. बॅग दारात तयार होती. चहा झाला, आणि मी म्हटलं, आंघोळ घालते मग निघा. वाळलेला टॉवेल आणायला मागे गेले. परत येते तर अप्पांची खुर्ची रिकामी आणि बाथरूमचं दार लागलेलं. ढकललं. उघडेना.

"आतून कडी आहे," धाकटा म्हणाला.

आत कडीच नाही. अप्पांना दवाखान्यातून सोडतानाच सांगितलं होतं, आतली कडी काढा, पडले तर दार उघडता आलं पाहिजे. डिसेंबरात मीच काढली आणि पुढे अप्पांची पेटी माळ्यावरून खाली आल्यावर तिच्यात टाकली.

धाकटा खांद्याने दार रेटायला लागला. "अप्पा! अप्पा, उघडा! ताई, पडले तर? बघत काय उभी आहेस?"

मी त्याचा हात धरला. आत नळ सुरू झाला होता. बादली भरण्याचा आवाज येत होता.

"कडी कोणी बसवली?" त्याने विचारलं.

"त्यांनीच."

"एका हाताने?"

एका हाताने स्क्रू धरायचा आणि त्याच हाताने पेचकस फिरवायचा, असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. मग मला त्रेपन्न नट आठवले, आणि बिचाऱ्या वेल्डरला मी काय काय बोलले ते. महिनाभर तो हात शेडमध्ये चालत होता आणि मी रोज तो घेऊन नदीपलीकडे जात होते, चालत नाही असं लिहून आणायला. मी धाकट्याला हे सगळं सांगितलं. तो खाली बसला. "मग तिथे दाखवलं का नाही त्यांनी?" म्हणाला.

मला कळलं होतं. पाच महिने रोज सकाळी मी त्यांना स्टुलावर बसवून उघडं करत होते. पोटची पोर. ते भिंतीकडे तोंड का करतात, हे मी एकदाही विचारलं नाही, राग राग म्हणत राहिले. लाल रिंगेशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

चाळीस मिनिटांनी ते बाहेर आले. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं आणि नाडीची गाठ बसली होती, घट्ट. धाकट्याने गाठीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि बॅग उचलून परत आतल्या खोलीत नेऊन ठेवली. पण ते नंतरचं.

त्याआधी ती चाळीस मिनिटं दाराबाहेर काढायची होती. आत पाणी ओतल्याचा आवाज यायचा, बराच वेळ थांबायचा, पुन्हा यायचा. एकदा तांब्या पडला. धाकटा ताडकन उठला, मी त्याला खाली बसवलं. थोड्या वेळाने तांब्या उचलल्याचा आवाज आला. धाकटा कुजबुजला, "विचार ना, काही हवंय का."

"अप्पा," मी म्हटलं, "टॉवेल बाहेर मुठीला अडकवून ठेवतेय. आम्ही दोघं स्वयंपाकघरात आहोत."

टॉवेल अडकवला, धाकट्याला दंडाला धरून उठवलं आणि आम्ही तिथून गेलो.